उन्हाची बाजू

निथळत ठेवलेल्या भांड्यांतला एक चमचा घसरला आणि सिंकमध्ये पडला. एवढंच झालं. दुपारचे सव्वादोन वाजले होते, भुंगा आत झोपली होती, आणि मी फोन हातात घेऊन उभी होते ती तशीच भिंतीला टेकले. चमचाच होता हे कळल्यावरही मी पन्नासपर्यंत आकडे मोजले. मग दाराची वरची कडी पाहिली, खालची पाहिली, साखळी पाहिली. मग चमचा उचलून जागेवर ठेवला.

घर सोडून निघाल्याला आम्हाला अकरा महिने झाले होते. अकरा महिने मी असे चमचे मोजत होते.

भुंगा म्हणजे माझी मुलगी, चार वर्षांची. खेळताना, खाताना, न्हाताना तिची सारखी गुणगुण चालू असते, म्हणून भुंगा. ती झोपली की गुणगुण थांबते आणि घराचे कान उभे राहतात. सकाळी ती बालवाडीत असते तेव्हा मी घरूनच एका दातांच्या दवाखान्याचे फोन घेते, लोकांच्या कळा ऐकून त्यांना वेळा देते. संध्याकाळ तिची. दुपारचे दोन ते चार तेवढे माझे, आणि त्या दोन तासांत मी फळ्यावर जायचे.

फळा म्हणजे जुन्या सिनेमांच्या वेड्यांची इंटरनेटवरची एक जागा. दिसायला गबाळी. राखाडी पान, निळी अक्षरं, आपलं म्हणणं एकाखाली एक लिहीत जायचं. माणसं साठ-सत्तर, पण रोज बोलणारी दहा-बाराच. खरं नाव कोणीच लावत नाही. फळा सांभाळते ती बाल्कनी. ती कुठल्याशा बस डेपोत सुपरवायझर आहे आणि ड्रायव्हर लोकांशी बोलावं तसंच आमच्याशी बोलते. ऑपरेटरकाकांनी अडतीस वर्षं थेटरात मशीन चालवलं. आता गुडघे गेलेत, एका बोटाने टाइप करतात. नकाशा हा तरुण मुलगा, जमिनीची मोजणी करण्याची नोकरी करतो. आणि मी बॅटरी. माझे वडील एका सिनेमा थेटरात दारावर होते. उशिरा येणाऱ्यांना अंधारात बॅटरी दाखवून खुर्चीपर्यंत न्यायचे. त्यावरून.

आमचा आवडता खेळ म्हणजे चौकट. कोणीतरी एखाद्या सिनेमातलं एक दृश्य टाकायचं आणि बाकीच्यांनी मागच्या जिन्यावरून, दिव्याच्या खांबावरून, सावलीवरून ते कुठे आणि किती वाजता घेतलं ते शोधून काढायचं. नायिकेकडे कोणी बघत नाही. बाल्कनीने एकदा लिहिलं होतं, या फळ्यावरच्या पुरुषांना मागचा खांब दिसतो, पुढची बाई दिसत नाही, म्हणून यांच्या बायका सुखात आहेत. मी हे वाचून तोंडावर हात धरून हसले होते. भुंगा उठू नये म्हणून. पण पाहायला गेलं तर त्या आधीच्या वर्षात मी हसले कधी होते, ते आठवेना.

फळ्याला दोनच नियम. पहिला, इथे काही पुसायचं नाही. सिनेमे हरवले ते कोणीतरी कपाट आवरायला काढलं म्हणून. आपण ते पाप करायचं नाही. दुसरा, चूक दिसली की दुरुस्त करायची, मग ती कोणाचीही असो. ऑपरेटरकाकांची दुरुस्ती हा तर सोहळाच असायचा. "थोडी गडबड आहे" अशी सुरुवात झाली की समोरच्याने आपली वही मिटावी. नऊ वर्षांत त्यांची एकही दुरुस्ती चुकली नव्हती.

मी हे सगळं लिहितेय खरी, पण मला भीती कशाची होती ते आधी सांगायला हवं.

भुंगाचे वडील कधी ओरडले नाहीत. हातही उगारला नाही. शेजारपाजारच्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, काय शांत माणूस. माझ्या वडिलांनी मला काचेच्या अकरा पट्ट्या ठेवल्या होत्या. पूर्वी थेटरात मध्यंतराच्या वेळी पडद्यावर पुढच्या सिनेमाची जाहिरात दाखवायचे, त्या या काचा, तळहाताएवढ्या. माझ्याकडून काही चुकलं की त्यातली एक माझ्या नवऱ्याच्या हातून निसटायची. "अरेरे," म्हणायचा, आणि केरसुणी माझ्या हातात द्यायचा. मी फळा वाचते हे कळलं तेव्हा त्याने दोन संध्याकाळी तो मोठ्याने वाचून दाखवला, एकेका माणसाची नक्कल करत. मेलेल्या लोकांचे चेहरे बघत बसणारी बायको मला मिळाली, म्हणाला. तेव्हा मी तिथे फक्त वाचायला जायचे, लिहायचे नाही.

काचांचं मी सोसलं असतं. पण एका उन्हाळ्यात त्याने तीन वर्षांच्या भुंगाला गच्चीत ठेवून दार आतून लावलं. तुझं काय चुकलं ते तुला कळलं की उघडेन, म्हणाला. चाळीस मिनिटं. मी सुचतील तितक्या चुका कबूल केल्या, त्यातली नेमकी कोणती त्याला हवी होती ते मला आजही ठाऊक नाही. आठव्या दिवशी मी तिला, दोन पिशव्यांना आणि उरलेल्या दोन काचांना घेऊन निघाले. त्याने वकिलाकडून निरोप पाठवला. तू जा कुठे जायचं तिथे, मुलगी माझी आहे, ती मी शोधून नेईन. ताब्याचा निकाल लागायला वर्ष जाईल, असं माझ्या वकीलबाई म्हणाल्या, आणि तोवर दोन गोष्टी पाळायच्या: पत्ता कोणाला द्यायचा नाही, फोटो कुठेही टाकायचा नाही.

मी पत्ता दिला नाही. फोटो टाकला.

त्याचं असं झालं, की फळ्यावर एका सिनेमाचा विषय निघाला होता. आम्ही त्याला 'जळालेला' म्हणतो. गोदामाच्या आगीत त्याचं एकूण एक रीळ गेलं. त्यातली नायिका कशी दिसत होती हे सांगणारा माणूस उरला नव्हता, एक चित्र नव्हतं. ऑपरेटरकाकांनी लिहिलं, मी तो पोरवयात पाहिलाय, तिच्या हातात छत्री होती एवढंच आठवतं, आता माझ्या डोळ्यांचाही भरवसा नाही, मरायच्या आत एकदा दिसली असती तर बरं झालं असतं. आणि माझ्या कपाटात, भुंगाच्या लोकरी टोपीत गुंडाळून, ती छत्रीवाली बाई ठेवलेली होती.

दोन दिवस मी मनाला समजावलं. सोमवारी सकाळी भुंगाला सोडून आले, काच काढली आणि उजेडात धरायची म्हणून खिडकीला चिकटपट्टीने लावली. कोवळं ऊन थेट आत येत होतं, नायिकेचा गाल उजळला. फोटो काढल्यावर दिसलं की काच उलट लागली आहे, खालची अक्षरं आरशातल्यासारखी आली होती. परत काढायला गेले असते तर कडेचा काळा कागद सुटून आला असता. म्हणून फोनमध्येच फोटो डावा-उजवा उलटवला, अक्षरं सुलटी झाली, आणि सव्वानऊला तो फळ्यावर लावून दिला. तो छोटासा फोटो जाताना मला कोण आनंद झाला होता. वडिलांच्या बॅटरीचा उजेड कोणाच्या तरी पायाशी पडावा तसा.

दुपारी फळा नुसता पेटला होता. बाल्कनीने लिहिलं की डेपोत उभ्या उभ्या रडू आलं आणि एका कंडक्टरने पाणी आणून दिलं. ऑपरेटरकाकांनी एकच ओळ लिहिली होती. "छत्री डाव्या हातात होती. बरोबर."

मंगळवारी दुपारी, म्हणजे तो चमचा पडला त्या दिवशी, मी फळा उघडला आणि सगळ्यात वर नकाशाचं लिखाण होतं.

आमच्यात एक पद्धत आहे. हरवलेलं काही ज्याने आणलं, त्याला सगळ्यांनी मिळून फुलं पाठवायची. नकाशाला वाटलं, बॅटरीताईला विचारलं तर ती नको म्हणेल, त्यापेक्षा आपणच घर शोधू आणि चकित करू. त्याने नायिकेकडे पाहिलंच नव्हतं. त्याने काचेच्या मागे, खिडकीबाहेर, धूसर दिसणारी पाण्याची टाकी पाहिली. वळशाचा लोखंडी जिना असलेल्या तसल्या टाक्या किती आहेत आणि कुठे, हे त्याच्या खात्यात सगळ्यांना माहीत असतं. त्यांतल्या एकाच टाकीजवळ समोरासमोर दोन लांब इमारती आहेत. टाकी उजव्या हाताला दिसते, म्हणजे ही इमारत. कठड्याची उंची पाहता तिसरा मजला. त्याने वरून घेतलेला नकाशा लावला होता, आणि एका खिडकीभोवती लाल गोल. खाली लिहिलं होतं, "सापडली आमची बॅटरीताई!" त्याखाली चौदा जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी आत जाऊन भुंगाच्या तोंडापुढे हात धरून तिचा श्वास पाहिला. उगाच. मग खिडकीचा पडदा ओढला, आणि ओढता ओढता बाहेर नजर गेली.

टाकी डाव्या हाताला होती.

अर्थातच डाव्या हाताला. मी रोज बघते ती. फोटो उलटवला होता म्हणून तिथे ती उजवीकडे गेली होती. आमच्या दोन्ही इमारती एका साच्यातून काढल्यासारख्या आहेत, मध्ये अंगण, अंगणाच्या टोकाला टाकी. नकाशाने लाल गोल काढला होता तो समोरच्या इमारतीवर, बरोबर आमच्या समोरच्या खिडकीवर. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी खाली बसले. आणि मग समोरच्या खिडकीत कोण राहतं ते आठवलं.

तिथे मशीनवाल्या मावशी राहतात. एकट्याच, साठीच्या पुढच्या, खिडकीशी शिवणाचं मशीन. आमची ओळख म्हणाल तर एवढीच, की रोज चार वाजता भुंगा उठली की स्टुलावर चढून त्यांना हात करते, आणि त्या मशीन थांबवून हात करतात. एवढ्यावर भुंगाचा दिवस पुढे सरकतो.

मी बाल्कनीला खाजगीत लिहिलं, तो नकाशा काढून टाका. कारण दिलं नाही. तिचं उत्तर आलं की बाई, पहिला नियम ठाऊक आहे ना, आणि पोराने प्रेमाने केलंय, कशाला हिरमोड करता. तेवढ्यात मूळ पानावर नवी ओळ उमटली. ऑपरेटरकाका.

"नकाशा, थोडी गडबड आहे. फोटो सकाळी सव्वानऊचा आणि खिडकीत थेट ऊन. म्हणजे खिडकी पूर्वेची. तू दाखवतोस ती पश्चिमेची. उद्या सविस्तर लिहितो."

पानाच्या तळाशी एक बारीक ओळ असते, तिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आत्ता हे पान पाहणारे: सभासद नऊ, पाहुणे एक. तो पाहुणा कोणीही असू शकत होता. पण वडिलांनंतर त्या अकरा काचा जगात दोनच माणसांनी हाताळल्या होत्या, आणि त्यांतल्या एकाने फळा मोठ्याने वाचून दाखवला होता.

मी ऑपरेटरकाकांना लिहायला घेतलं. वकीलबाई सोडल्या तर मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा अर्धंच. गच्चीतली चाळीस मिनिटं लिहिली. काचा लिहिल्या. पाठवलं, आणि फोनकडे बघत बसले. एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसाची वाट बघणं फार कठीण असतं. "लिहीत आहेत" असं येतं, जातं, पुन्हा येतं. शेवटी उत्तर आलं.

"पोरी, मशीनच्या खोलीत आमच्या वेळी फिल्म पेट घ्यायची. पहिल्याच दिवशी उस्तादाने शिकवलं होतं, आधी दार उघड, माणसं बाहेर काढ, रीळ मग बघू. आता ऐक. नकाशा पुसायचा नाही. पुसला तर बघणाऱ्याला कळतं की तो खरा होता, आणि मग तो शेजारपाजार धुंडाळतो. चूक आहे तिथे राहू दे. मी आजच ती बरोबर आहे म्हणून लिहितो. एक सांग, त्या खिडकीत कोणी राहतं का?"

आत भुंगाने कूस बदलली, झोपेत काहीतरी गुणगुणली.

"माहीत नाही," मी लिहिलं.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. त्या संध्याकाळी उशिरा फळ्यावर त्यांचं लिखाण आलं, की मी पुन्हा पाहिलं, ऊन समोरच्या काचांवरून उलटून आलेलं आहे, माझीच गडबड झाली, नकाशा बरोबर आहे. नऊ वर्षांतली पहिली चूक. फळ्यावर नुसती दिवाळखोरी जाहीर झाल्यासारखा गलका उडाला. कोणी म्हणालं काकांचा चष्मा बदला, बाल्कनीने लिहिलं की आजपासून काकांना खालच्या वर्गाचं तिकीट. काकांनी सगळ्यांना उत्तरं दिली. एका बोटाने. हसत हसत खाली मान घातली, आणि ती कशासाठी ते तिथे मला एकटीलाच कळत होतं.

बुधवारी मी मावशींना सांगायचं ठरवलं. नुसतं कसं जायचं, म्हणून भुंगाचा पिवळा फ्रॉक घेतला, तिचा आवडता, खालची शिवण उसवली होती. अंगण ओलांडलं, तीन जिने चढले. मावशींनी दार उघडलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. जवळून त्या दिसायला लहानखुऱ्या निघाल्या. घरभर पडद्यांचं जाड कापड पसरलेलं, कुठल्याशा हॉटेलचं काम आलं होतं.

मला म्हणाल्या, "तुमच्या मुलीवर मी घड्याळ लावते. तिचा हात वर झाला की माझ्या चहाची वेळ. रविवारी दहा मिनिटं उशीर केला होता तिने, सांगा तिला."

मी हसले. त्यांनी फ्रॉक उलटा करून शिवण पाहिली, अंगठ्याने चाचपली, उद्या संध्याकाळी न्या म्हणाल्या. मी उभीच राहिले. जिभेवर सगळं वाक्य तयार होतं: मावशी, एक माणूस येईल, शांत बोलेल, त्याला आत घेऊ नका. पण ते म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागणार, आणि मग या बाई रोज चार वाजता आमच्याकडे कशा नजरेने बघतील? की सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सांगतील, असल्या भानगडीची माणसं नकोत म्हणून? हे आमचं अकरा महिन्यांत तिसरं घर होतं.

"काही सांगायचं होतं का?" मावशींनी विचारलं.

"नाही, काही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मी जिना उतरायला लागल्यावर मागून, "सावकाश हो. खालची पायरी मोडकी आहे."

गुरुवारी साडेतीनला तो आला.

मी पडद्याच्या फटीतून अंगणात पाहत होते, दर पाच मिनिटांनी पाहायची सवयच लागली होती. आणि तो फाटकातून आत येताना दिसला. राखाडी शर्ट, इस्त्रीचा. एका हातात फोन. चालणं तेच, कुठेही घाई नाही, पाहुणा म्हणून बोलावल्यासारखं. टाकीपाशी थांबून त्याने फोनकडे आणि टाकीकडे पाहिलं, मग वळला आणि समोरच्या इमारतीत शिरला. आमच्याकडे त्याची पाठ होती.

मी वकीलबाईंना फोन लावला, तो लागला नाही. पोलिसांचा नंबर लावला. पत्ता सांगितला, पण आवाज इतका लहान निघाला की पलीकडचा माणूस तीनदा म्हणाला, जरा मोठ्याने बोला. मोठ्याने कसं बोलणार होते मी? गाडी पाठवतो, म्हणाला. तोवर मी जिने मोजत होते. पहिला मजला. दुसरा.

दुपारचं ऊन त्या बाजूला असतं. मावशींची खोली दिवा लावल्यासारखी उजळलेली होती, तिथलं एकूण एक दिसत होतं. मशीनवर वाकलेलं त्यांचं डोकं. मशीनशेजारी फळीवर पिवळा फ्रॉक.

तो फ्रॉक त्याने आणला होता. तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला. भुंगाचा जो फोटो तो लोकांना दाखवत फिरत असणार, वकीलबाईंनी त्याची प्रत मला दाखवली होती, त्यात तिच्या अंगावर तोच होता. मी स्वतःच्या पायांनी जाऊन, जिने चढून, तो तिथे ठेवून आले होते. लाल गोलाची जी काही कमतरता राहिली होती ती मी भरून काढली होती.

मावशी उठल्या. दाराकडे गेल्या. दार उघडलं आणि तो दिसला, दारातच, जरा मान झुकवून. तो असाच बोलतो. मावशींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. त्याने फोन पुढे धरला. त्या बघत राहिल्या. खूप वेळ बघत राहिल्या, की मलाच तसं वाटलं कोण जाणे. मग काहीतरी बोलल्या, आणि तो आत आला.

मी ओरडायला हवं होतं. खिडकी उघडून म्हणायला हवं होतं, मी इथे आहे, त्यांना सोड. मला ते वाक्य सुचलं होतं, आणि मी ते बोलले नाही. मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत होते, जिथून भुंगाचा पाय दिसत होता, पांघरुणाबाहेर आलेला.

मावशी मशीनकडे परत आल्या. बसता बसता त्यांनी पडद्याचं ते जाड कापड दोन्ही हातांनी ओढून जवळ घेतलं, जसं काम पुढे चालू करताना घेतात, आणि ते फळीवरून घसरत आलं. फळी झाकली गेली. पिवळं काही दिसेनासं झालं. मग त्यांनी मशीन चालू केलं. त्याच्याकडे न बघता मान हलवली, नाही. पुन्हा हलवली. तो खोलीत फिरला, आतल्या दारातून डोकावला, कपाटापाशी थांबला. खिडकीपाशी येऊन बाहेर, सरळ आमच्याकडे पाहिलं. आमची बाजू त्या वेळी सावलीत असते, पडदा ओढलेला होता. मला हे माहीत होतं. तरी मी श्वास घेतला नाही.

मग तो गेला. खाली अंगणात आला, पण फाटकाकडे गेला नाही. टाकीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला, आमच्याकडे पाठ करून, आणि मावशींच्या खिडकीकडे बघत राहिला. वाट बघणं त्याला छान जमतं.

पोलिसांची गाडी आली नव्हती. मी फोन उचलला, पुन्हा ठेवला. फळ्यावरून काकांचा निरोप आला होता, "सगळं ठीक?" मी उत्तर लिहायला बोट ठेवलं.

तेवढ्यात मागे गुणगुण ऐकू आली.

भुंगा उठली होती. केस गालाला चिकटलेले, एका पायात मोजा. चार वाजले होते. ती रोजच्यासारखी, माझ्याकडे न बघता, झोपेतच चालत खिडकीशी गेली, स्टुलावर चढली आणि मी पोचायच्या आत तिने पडदा बाजूला केला. आणि हात वर केला.

अंगणात तो तसाच बसला होता, पाठमोरा, तोंड वर करून. समोर मावशी मशीनवर. त्यांनी मान उचलली. त्यांनी भुंगाला पाहिलं, हे मी शपथेवर सांगेन; मान क्षणभर तशीच राहिली. त्यांनी एक बोट जरी हलवलं असतं, तर खाली बसलेल्या माणसाने त्या कोणाला हात करतायत हे बघायला मागे वळून पाहिलं असतं.

त्यांनी मान खाली घातली. मशीनचं चाक फिरत राहिलं.

भुंगा हात हलवत राहिली. आधी एक, मग दोन्ही. मी तिला मागून कंबरेला धरून उचललं, स्टुलावरून खाली घेतलं आणि खिडकीखाली जमिनीवर बसले, तिला मांडीत घट्ट धरून. तिचं अंग झोपेने ऊबदार होतं. केसांना तेलाचा आणि घामाचा वास. ती रडली नाही. मान मागे करून तिने माझ्याकडे उलटं पाहिलं, आणि नेहमीच्या आवाजापेक्षा हळू, जणू तिलाही काही कळलं होतं, विचारलं,

"आई, मावशी आपल्याला ओळखत नाहीत का?"